घबाड आणि गाळ

मागच्या व्याख्यानानंतर आपल्या जोगेश्वरीतल्याच तीन-चार तरुणांनी मला खेळायला बसवलं. खेळ ‘ट्वायलाइट: २०००’, मूळ १९८४ चा, अमेरिकन. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं. तिसरं महायुद्ध होऊन गेलंय, तुकडी पोलंडमध्ये अडकलीय, वरून हुकूम देणारं कुणी उरलेलं नाही. काडतुसं मोजायची, गाडीसाठी दारू गाळायची. ही मोजदाद मला फार आवडली. टंचाईचं इतकं प्रामाणिक चित्र कादंबऱ्यांतही क्वचित सापडतं.

मग एका गोदामात मस्टर्ड वायूचे तोफगोळे सापडले. सगळ्यांचे चेहरे उजळले. घबाड! ‘किती आहेत?’ एकाने विचारलं. कसे आहेत, हे कुणीच विचारलं नाही. गाडी झिजते, बंदूक अडकते. विष मात्र आमच्या टेबलावर चिरतरुण.

खरं तर नाव वायू असलं तरी मस्टर्ड हे तेलकट द्रव. वर्षानुवर्षं पडून राहिलं की तळाशी चिकट गाळ धरतो, आत दाब वाढू शकतो, पत्रा गंजतो. तोफखान्याला निरुपयोगी, हात लावणाऱ्याला मात्र घातकच. दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्टिक समुद्रात बुडवलेल्या मस्टर्डची ढेकळं पुढे कित्येक वर्षं मच्छीमारांच्या जाळ्यांत येत राहिली, अंग भाजत राहिली. रासायनिक शस्त्रबंदी करारात १९२५ ते १९४६ मधल्या, वापरण्याजोग्या न उरलेल्या अशा मालाला ‘जुनी रासायनिक शस्त्रं’ म्हणतात. चालत नाही, तरी शस्त्रच! वस्तू ओळखायची ती तिच्या हेतूवरून, असं मी वर्गात शिकवत आलो. इथे हेतू मेला आणि वस्तू उरली.

हे परदेशातलंच नव्हे बरं का. असली शस्त्रं बाळगणार नाही, असं आपण १९९२ साली पाकिस्तानबरोबर जाहीर केलं, आणि १९९७ मध्ये साठा असल्याचं कबूल केलं. १,०४४ टन मस्टर्ड. तो संपवायला २००९ उजाडलं, तेही पैसा, तंत्रज्ञ, आंतरराष्ट्रीय निरीक्षक सगळं हाताशी असताना. अमेरिकेचं काम २०२३ च्या जुलैत संपलं. खेळातल्या त्या पोलंडमध्ये यातलं काहीच नाही, आणि राखण करणाराही नाही. नाट्य तिथे होतं. आम्ही ते ओलांडून गोळे मोजत बसलो.

माझं पात्र डॉक्टरचं. म्हटलं, गोदाम बंद करू, खुणा लावू, गावात सांगू. खेळ चालवणारा मुलगा अदबीने म्हणाला, ‘सर, पण त्यात मिळणार काय?’

फासे पुढच्याच्या हातात गेले. तुकडी निघाली, सहा गोळे गाडीत घेऊन. गोदामाचं दार उघडंच राहिलं.