‘पाहणी’ आणि ‘पेरा’ : एका शासकीय ॲपची शब्दयोजना

टाटा ट्रस्टच्या साहाय्याने सिद्ध झालेले ‘ई-पीक पाहणी’ हे ॲप महसूल विभागाने १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर लागू केले. तोवर गाव नमुना बारामधील पिकांची नोंद तलाठी करीत असे. ती आता शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून, छायाचित्रासह करावयाची. कल्पनेच्या मोठेपणाविषयी वाद नाही. लेखणी ज्याच्या हाती दिली, त्याची भाषा त्या पडद्यावर कितपत उतरली, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

प्रथम नावच घ्यावे. महसुली परिभाषेत ‘पाहणी’ या क्रियेचा कर्ता अधिकारी असतो. शेतकरी पाहणी करीत नाही, त्याच्या शेताची पाहणी होते. उलट याच योजनेचे घोषवाक्य ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा’ असे आहे. येथे कर्ता निःसंशय शेतकरी आहे आणि ‘पेरा’ हा शब्दही त्याचाच. म्हणजे घोषणा लिहिणाऱ्याने शेतकऱ्याचे बोलणे ऐकले होते, ॲपचे बारसे करणाऱ्याने कचेरीचे. परभणीसारख्या पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील जिल्ह्यात तर ‘पाहणीपत्रक’ हे जमिनीच्या सरकारी कागदाचेच नाव होते; त्यामुळे या शब्दाला येथे कचेरीचा वास अधिकच आहे.

नाव एक वेळ सोडून देता येईल. पिकांच्या वर्गवारीचे तसे नाही. ॲप ‘निर्भेळ पीक’ आणि ‘मिश्र पीक’ असे पर्याय देते. ‘निर्भेळ’ हा शब्द आमच्याकडे दुधातुपाविषयी ऐकू येतो, सोयाबीनविषयी नव्हे. ‘मिश्र’ची अडचण याहून खोल आहे. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन, ही या जिल्ह्यात परिचित असलेली रीत कृषिशास्त्रात ‘आंतरपीक’ ठरते. ओळींचे प्रमाण न ठेवता दोन पिकांचे बी एकत्र पेरले तर ते ‘मिश्र पीक’. शेतकरी हा भेद जाणतो, कृषी विद्यापीठ जाणते. महसुली नमुना जाणत नाही, आणि ॲपने तो नमुनाच पडद्यावर आणून बसविला.

क्षेत्राच्या रकान्यात तर धोकाच आहे. शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो, ॲप हेक्टर-आर मागते. दीड एकर म्हणजे एक एकर वीस गुंठे, आणि ते १.२० असे मांडण्याची जुनी वहिवाट आहे. तोच आकडा हेक्टरच्या रकान्यात पडला की क्षेत्र जवळजवळ तीन एकर होते! गंमत अशी की एक गुंठा आणि एक आर यांत एका टक्क्याहून थोडाच अधिक फरक आहे. साठ गुंठ्यांसाठी ०.६० लिहावे, एवढी एक ओळ रकान्याखाली पुरली असती. अशी ओळ संगणकतज्ज्ञाला सुचत नाही. चार शेतकऱ्यांना रकाना भरताना शांतपणे पाहिले तर ती आपोआप सुचते.

नॉर्वेत क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी लोखंड व धातुकामगारांच्या संघटनेबरोबर नेमके हेच आरंभिले : यंत्रणा उभी राहण्यापूर्वी ती वापरणाऱ्याने तिच्याविषयी बोलावे. १९८१ ते १९८५ या काळात ‘युटोपिया’ प्रकल्पात स्कँडिनेव्हियातील मुद्रणकामगारांनी लाकूड व कागद यांच्या प्रतिकृतींवर वृत्तपत्राची पृष्ठे जुळवून पाहिली; जुळाऱ्याचे ज्ञान हातातून प्रकट होते, प्रश्नावलीतून नव्हे, हे तेथे ओळखले गेले.

आपल्याकडे २०२२च्या दुसऱ्या आवृत्तीत नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय झाली आणि मुख्य पिकासह तीन दुय्यम पिके नोंदविता येऊ लागली. सुधारणा स्वागतार्ह खऱ्या. परंतु चुकल्यावर दुरुस्तीची मुभा देणे आणि रचनेच्या वेळी विचारणे या भिन्न गोष्टी होत. चुकीची किंमतही लहान नाही. २०२३च्या खरिपातील कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचे २०२४मध्ये ठरले, तेव्हा प्रथम या ॲपवरील नोंदीचीच अट होती.

बोली तालुक्यागणिक बदलते, मग राज्यासाठी एकच ॲप कसे करावे, हा आक्षेप येईल. तो पीकनामांपुरता खरा आहे. परंतु एकर आणि गुंठा जिंतूरला आहेत तसे जुन्नरलाही आहेत. आणि आंतरपिकाचा रकाना मागण्यास कोणत्याच बोलीची अडचण नाही.