दान आणि वियोग : 'टॉय स्टोरी'च्या चौथ्या चित्रपटाविषयी

'टॉय स्टोरी' ही चित्रपटमाला १९९५ साली सुरू झाली. पिक्सार या अमेरिकन संस्थेने निर्माण केलेला तिचा पहिला भाग हा सर्वस्वी संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय. साहजिकच प्रारंभी त्याची चर्चा तंत्राच्या अंगाने अधिक झाली. पुढे १९९९ व २०१० साली दुसरा व तिसरा भाग आला. तोपर्यंत तंत्राचे नावीन्य ओसरले होते, परंतु या खेळण्यांविषयीचा लोभ मात्र वाढला होता. तिसऱ्या भागाने कथा पूर्ण झाली असे प्रेक्षकांनी मानले. नऊ वर्षांनी, २०१९ साली, जॉश कूली यांनी दिग्दर्शित केलेला चौथा भाग पडद्यावर आला. समीक्षकांनी त्याचे बहुतांशी स्वागत केले, जगभर त्याने एक अब्ज डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले आणि तिसऱ्या भागाप्रमाणेच त्यालाही सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर पारितोषिक लाभले. तथापि ज्यांचे या मालिकेवर निस्सीम प्रेम होते अशा प्रेक्षकांत त्याच्याविषयी एकमत झाले नाही. कित्येकांना तो प्रौढ आणि धीट वाटला. कित्येकांना तो अनावश्यक, किंबहुना विश्वासघातकी वाटला.

मुलांच्या करमणुकीच्या चित्रपटावरून मोठ्या माणसांनी इतके कष्टी व्हावे याचे नवल वाटण्याचे कारण नाही. १९९५ साली सहा वर्षांचे असलेले मूल २०१० साली एकवीस वर्षांचे झाले होते. तिसऱ्या भागात खेळण्यांचा मालक अँडी सतरा वर्षांचा असून महाविद्यालयासाठी घर सोडण्याच्या तयारीत आहे. प्रेक्षकांची एक संपूर्ण पिढी अँडीच्या बरोबरीने वाढली, आणि अँडीने खेळण्यांचा निरोप घेतला तेव्हा तिने आपल्याही बालपणाचा निरोप घेतला. हा निरोप एकदा घेऊन झाल्यावर पुन्हा तेच दार उघडावे काय, असा या वादाचा वरवरचा आशय आहे. परंतु प्रश्न केवळ तेवढाच असता तर तो कोणत्याही उत्तरभागाला लागू पडला असता. चौथ्या भागाने दुखावलेल्या प्रेक्षकांना नेमके काय खुपले, आणि त्यांचे खुपणे कलाकृतीच्या घडणीत दाखविता येते काय, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

त्याकरिता प्रथम तिसऱ्या भागाचा शेवट ध्यानात घ्यावयास हवा. अँडी आपली खेळणी बॉनी या लहान मुलीकडे घेऊन जातो. तो ती पेटी तिच्या अंगणात नुसती ठेवून परत फिरत नाही. एकेक खेळणे हाती घेऊन तो त्याचे नाव सांगतो, गुण सांगतो आणि मग ते तिच्या स्वाधीन करतो. पेटीच्या तळाशी वूडी हा कळसूत्री दोरीचा गुराखी बाहुला निघतो, तेव्हा अँडीचा हात क्षणभर मागे सरतो. अखेर तो वूडीलाही देतो, आणि देताना त्याच्या स्वभावाची ग्वाही देतो : हा आपल्या माणसाला कधीही सोडून जात नाही. नंतर दोघे मिळून खेळतात, अँडी गाडीत बसतो, आणि खेळणी दूर जाणाऱ्या गाडीकडे पाहत राहतात. या प्रसंगात देणारा आहे, घेणारी आहे, दिली जाणारी वस्तू आहे आणि देण्याचे शब्द आहेत. दानविधीला जे जे लागते ते सर्व येथे उपस्थित आहे. म्हणूनच दुःखद असूनही हा शेवट प्रेक्षकांना तृप्त करून गेला.

चौथ्या भागाच्या कथेचा प्रारंभ या दानाच्या फलाशी होतो, आणि ते फल फारसे सुखावह नाही. बॉनी वूडीशी खेळेनाशी झाली आहे. त्याच्या अंगरख्यावरील शेरिफचा बिल्ला काढून ती तो जेसी या गुराखी बाहुलीला लावते, आणि वूडी कपाटात धूळ खात पडतो. शाळेच्या पहिल्या दिवशी एकाकी झालेली बॉनी कचऱ्यातील एका काट्याच्या चमच्याला डोळे, हात व काडीचे पाय लावून फोर्की नावाचे खेळणे बनविते. हे साहित्य तिच्यापुढे टाकणारा, दप्तरातून लपून आलेला वूडीच असतो. फोर्की स्वतःला कचरा समजतो आणि संधी मिळताच केराच्या टोपलीत उडी घेतो. त्याला परत परत बाहेर काढणे एवढेच वूडीचे काम उरते. पुढे प्रवासात वूडीची गाठ बो पीप या चिनी मातीच्या मेंढपाळणीशी पडते. नऊ वर्षांपूर्वी ती दुसऱ्या घरी दिली गेली होती. आता ती कोणाच्याच मालकीची नाही, आणि त्याची तिला खंतही नाही. चित्रपटाच्या अखेरीस वूडी आपला बिल्ला जेसीच्या हाती देतो, बॉनीला आणि जुन्या सोबत्यांना सोडतो आणि बो पीपबरोबर राहतो.

दुखावलेल्या प्रेक्षकांचे आक्षेप स्थूलमानाने तीन आहेत. पूर्ण झालेली कथा पुन्हा उघडण्याची गरज नव्हती, हा पहिला. बझ आणि इतर जुनी खेळणी बव्हंशी गाडीत बसवून ठेवली, आणि बझसारख्या पात्राला आपल्या छातीवरील कळी दाबून 'अंतर्मनाचा आवाज' ऐकणाऱ्या भाबड्या विदूषकाचे रूप दिले, हा दुसरा. वूडी आपल्या मुलीला सोडून जातो हे त्याच्या स्वभावाशी विसंगत आहे, हा तिसरा. पैकी पहिला आक्षेप समीक्षेच्या कक्षेत येत नाही. कथा पुढे नेऊ नये असा प्रतिबंध कोणत्याही प्रेक्षकाला घालता येत नाही. पुढे नेलेली कथा कशी आहे एवढेच पाहता येते. दुसरा आक्षेप यथार्थ आहे, परंतु तो रचनेतील प्रमाणाचा आहे. खरा विचार करावयाचा तो तिसऱ्याचा.

या आक्षेपाला चित्रपटाचे पाठीराखे देतात ते उत्तर उपेक्षणीय नाही. त्यांच्या मते वूडीचा निर्णय विसंगत नसून त्याच्या जीवनाची स्वाभाविक परिणती आहे. येथे मालिकेतील स्वामित्वाची कल्पना तपासली पाहिजे. पहिल्या भागापासून वूडीच्या बुटाच्या तळव्यावर अँडीचे नाव आहे, आणि बालहस्ताची खूण म्हणून त्यातील एक इंग्रजी अक्षर उलटे काढलेले आहे. दुसऱ्या भागात खेळणी दुरुस्त करणारा वृद्ध ते नाव रंगाने झाकून टाकतो, आणि वस्तुसंग्रहालयात अमर होण्यापेक्षा मोठ्या होऊ घातलेल्या अँडीकडे परतण्याचे वूडीने ठरविताच तो तो रंग खरवडून काढतो. चौथ्या भागात बॉनी फोर्कीच्या काडीच्या पायांवर आपले नाव लिहिते, आणि तेवढ्याने कचऱ्याचे खेळणे होते. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर हे सर्व जग षष्ठीवर उभे आहे : अँडीचा वूडी, बॉनीचा फोर्की. षष्ठीला वैयाकरण कारकांत गणत नाहीत. ती नामाचा क्रियेशी नव्हे, तर नामाचा नामाशी संबंध दाखविते. वूडी जे जे करतो ते या संबंधाकरिता करतो. त्याची स्वतःची अशी क्रिया क्वचितच असते. बो पीप ही षष्ठीविना जगणारी पहिली नायिका आहे, आणि तिच्या सहवासात वूडीला प्रथमच कर्तृपद मिळते, असा पाठीराख्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ आहे.

याला पोषक असा आणखी एक धागा चित्रपटात आहे. वूडीच्या पाठीत दोरी आहे व पोटात ध्वनियंत्र आहे; दोरी ओढली की ठरावीक वाक्ये उमटतात. ही वाक्ये त्याची नव्हेत, कारखानदाराची आहेत. जुन्या वस्तूंच्या दुकानातील गॅबी गॅबी या बाहुलीचे ध्वनियंत्र मुळातच सदोष आहे. त्यामुळे आपल्याला कधी कोणी घेतले नाही असे तिला वाटते, आणि म्हणून तिला वूडीचे यंत्र हवे आहे. वूडी ते अखेर स्वखुशीने देतो. ज्या कृत्रिम वाणीने तो खेळणे म्हणून ओळखला जात असे ती देऊन टाकल्यावर त्याच्यापाशी केवळ स्वतःची वाणी उरते. उलट गॅबी गॅबीला नवी वाणी मिळूनही जिची तिने आस धरली ती मुलगी तिला टाकून देते. तिला पुढे आपलेसे करते ती जत्रेत वाट चुकून रडणारी एक दुसरीच मुलगी. या दोन्ही प्रसंगांतील विचार स्पष्ट व सुसंगत आहे. वूडीचा निर्णय लेखकांनी हवेतून आणला, असे म्हणता येत नाही.

मग सल राहते ती कोठे? तिसऱ्या व चौथ्या भागांच्या शेवटांची तुलना केली असता तिचे स्थान सापडते. तिसऱ्याचा शेवट संप्रदानाचा आहे. त्याची विभक्ती चतुर्थी. चौथ्याचा शेवट अपादानाचा आहे. त्याची विभक्ती पंचमी. दानात ज्याला द्यावयाचे तो समोर असतो. वियोगात जो निघून जातो त्याच्याइतकेच, ज्याच्यापासून तो दूर होतो ते स्थिर स्थानही महत्त्वाचे असते, कारण त्याच्यावाचून वियोगाला अर्थच येत नाही. चौथ्या भागात हे स्थान बॉनीचे आहे, आणि चित्रपट नेमका तिच्याकडे पाहत नाही. फोर्की हरवल्यावर ती व्याकूळ झालेली दाखविली आहे. वूडी गेल्याचे मात्र तिला कळल्याचेही दाखविलेले नाही. निरोपाच्या वेळी 'ती नीट राहील' अशा आशयाचे आश्वासन बझ वूडीला देतो. मूळ इंग्रजी संवादात त्या सर्वनामाचा रोख क्षणभर संदिग्ध राहतो. ती म्हणजे बो पीप की बॉनी? मग बझ सर्वनामाच्या जागी नाम घालून उलगडा करतो. चित्रपटाच्या या निर्णायक क्षणी बॉनी आहे ती एवढीच : एका वाक्यातील नाम. तिच्यावतीने ग्वाही देतो तो बझ, आणि ती खरी ठरते की नाही हे पाहण्याची संधी प्रेक्षकांना मिळत नाही.

बॉनीला वूडीची उणीव भासलीच नसती, असे यावर म्हटले जाईल. तसे असेल तर ते दाखविणे हे अधिक कठोर आणि अधिक सत्य ठरले असते. ज्याला कोणी सोडून जात आहे त्याला ते जाणवतही नाही, हे दुःख काही लहान नव्हे. दुसऱ्या भागात जेसीच्या पूर्वायुष्याच्या कथनाने असेच दुःख, फक्त उलट बाजूने, समोर उभे केले होते : एमिली मोठी होते, जेसी पलंगाखाली विसरली जाते, आणि एक दिवस दानपेटीत जाते. मालिकेला हे सामर्थ्य होते. चौथ्या भागाने ते वापरले नाही.

भारतीय वाचकाला येथे उत्तरकांडाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. युद्धकांडाच्या अखेरीस रामाचा राज्याभिषेक होतो, फलश्रुती येते आणि कथा संपल्याचा निर्वाळा मिळतो. उत्तरकांड हे नंतरची भर होय असे अनेक संशोधक मानतात. त्यातील सीतात्यागाने श्रोत्यांच्या कित्येक पिढ्या अस्वस्थ झाल्या, आणि भवभूतीने आपल्या नाटकात पुनर्मीलन घडवून त्या अस्वस्थतेला वाट करून दिली. तरीही उत्तरकांड टिकले. त्याचे एक कारण असे की, ते त्यागाबरोबर थांबत नाही. टाकलेल्या सीतेच्या मागोमाग ते वाल्मीकीच्या आश्रमापर्यंत जाते आणि तिचे अखेरचे म्हणणे ऐकून घेते. पूर्ण झालेल्या कथेला पुढे नेणारा मागच्या शेवटाकडून काहीतरी उसने घेत असतो. ज्याला मागे ठेवले त्याच्याकडे पाहणे ही त्या उसनवारीची परतफेड होय.

या दृष्टीने पाहता दुखावलेल्या प्रेक्षकांची भावना खरी आहे, पण तिला त्यांनी दिलेले कारण अपुरे आहे. वूडी गेला म्हणून चौथा भाग उणा ठरत नाही. अँडीने दिलेल्या ग्वाहीला त्याच्या जाण्याने तडा जातो, हे खरे; परंतु ज्या मुलीला ती ग्वाही दिली होती तिला त्या तड्याविषयी काहीच विचारले गेले नाही, हे त्याहून मोठे उणेपण आहे. २०२३ साली पाचव्या भागाची घोषणा झाली, तेव्हा 'पुन्हा कशाला?' हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. त्याऐवजी 'कोणाकडे पाहावयाचे राहून गेले?' असा प्रश्न उत्तरभागांच्या अभ्यासकांनी विचारणे अधिक फलदायी होईल. बॉनीचे नाव काडीच्या पायांवर लिहिलेले प्रेक्षकांनी वाचले आहे. तिचे म्हणणे मात्र त्यांच्या कानी आलेले नाही.