जयघोष आणि व्रत

पुढाऱ्याचे वचन लोकांच्या तोंडी रुळले की चित्रपट त्यास देह देतो. त्या देहात मूळ वचनाचा प्राण कितपत उतरतो, हे पाहणे टीकेचे काम होय. लालबहादूर शास्त्री यांच्या ‘जय जवान, जय किसान’ ह्या घोषणेविषयी हा प्रश्न आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो.

१९६५ साली ही घोषणा झाली तेव्हा सीमेवर युद्ध होते आणि देशात धान्याची टंचाई. अमेरिकेच्या गव्हावर आपली मोठी भिस्त होती. शास्त्रीजींनी नुसता घोष दिला नाही. आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडावे, असे त्यांनी देशास सांगितले, आणि कित्येक घरांत सोमवारी रात्री चूल पेटेनाशी झाली. सोमवारच्या उपवासाची ज्यांस परंपरेने ओळख, त्यांस ह्याचा अर्थ उलगडून सांगावा लागला नसेल. घोषणेत नावे दोघांची होती; भार मात्र तिसऱ्यावरही होता, तो म्हणजे खाणाऱ्यावर.

शास्त्रीजी ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे निवर्तले. त्यानंतर १९६७ साली मनोजकुमार यांचा ‘उपकार’ आला. त्याचा नायक भारत आधी शेतकरी व मग सैनिक. दोन्ही जयघोष एकाच देहात नांदतात. शिकलेला धाकटा भाऊ काळ्या बाजाराच्या वाटेस लागतो, म्हणजे वैरी घरातही आहे, हे दाखविण्याचे धैर्य ह्या चित्रपटात आहे. त्याचे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो. परंतु तो तिसरा मनुष्य येथे केवळ प्रेक्षक उरतो. त्याचा ऊर भरून येतो. त्याच्या ताटातले काही कमी होत नाही.

पुढे १९९८ साली अटलबिहारी वाजपेयी यांनी घोषणेस ‘जय विज्ञान’ जोडले, २०१९ साली नरेंद्र मोदी यांनी ‘जय अनुसंधान’. त्याच वर्षी आलेल्या ‘द ताश्कंद फाइल्स’ ह्या चित्रपटाने शास्त्रीजींच्या मृत्यूभोवतीचा संशय हाच विषय केला. ज्यांचा जय म्हणावयाचा त्यांची यादी वाढली. जय म्हणणाऱ्याचे कर्तव्य तेवढे गळाले.

पालखीपुढे जयघोष करणाऱ्यास आपण विचारतो, ‘आज उपवास आहे ना?’ हाच प्रश्न शास्त्रीजींच्या घोषणेवर टाळ्या घेणाऱ्या लेखकदिग्दर्शकांस विचारावा, असे आम्हांस वाटते.