वादक आहेत, शिक्षक आहेत. वाद्यवर्ग घेणार कोण?

पुणे-सातारा महामार्ग सोडून चेलाडी फाट्यावरून आत वळलं की नसरापूर लागतं आणि पुढे रस्ता वेल्ह्याच्या डोंगरांत शिरतो. या पट्ट्यात वाद्यांची वानवा कधीच नव्हती. देवळात पखवाज, टाळ, पेटी आहे. जत्रेला ढोल-लेझीम निघते. हरिनाम सप्ताहात आठवी-नववीतली पोरं मृदंगावर ठेका धरतात आणि बुवांनी अभंगाची चाल बदलली की न सांगता ठेकाही बदलतात. शाळेत मात्र संगीत म्हणजे सकाळची प्रार्थना, राष्ट्रीय सणाची लेझीम आणि स्नेहसंमेलनात स्पीकरवर लावलेली गाणी. 2023 साली राज्यगीत ठरलं आणि ते शाळांतून म्हणायचंही ठरलं. त्याला मुलांच्या हातातल्या वाद्यांची साथ किती शाळांत मिळते?

याचं खापर पालकांच्या अनास्थेवर किंवा पैशांवर फोडणं सोपं आहे. मला खरं कारण दुसरं वाटतं. शाळेत वाद्यवर्ग उभा करणारा शिक्षक घडवण्याची नीट व्यवस्था महाराष्ट्राने केलेलीच नाही.

चित्रकलेकडे पाहा. तिच्यासाठी कला संचालनालयाचा आर्ट टीचर डिप्लोमा आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा आहेत. त्यामुळे खेड्यातल्या हायस्कुलातही ड्रॉइंगचे सर असतात, निदान अलीकडेपर्यंत असायचे. लेझमीचंही तसंच. शारीरिक शिक्षणाच्या पदवीत ती शिकवली जाते, म्हणून ‘चार आवाज’, ‘एक जगह’, ‘पवित्रा’, ‘दो रुख’ हे हुकूम पीटीच्या सरांना तोंडपाठ असतात आणि शंभर मुलं एका शिट्टीवर डाव बदलतात. जे शिक्षकाच्या प्रशिक्षणात शिरलं, ते शाळेत टिकलं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने 2014 च्या नियमावलीत संगीत-नृत्य-नाट्याच्या शिक्षकांसाठी दोन वर्षांची पदविका घातली खरी, पण आर्ट टीचर डिप्लोमाचं स्थान तिला आपल्याकडे लाभलं नाही.

याचं दुःख अधिक आहे, कारण सुरुवात आपण फार लवकर केली होती. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गवई घडवण्याबरोबर संगीताचे शिक्षक घडवणं हाही त्यांचा हेतू होता. त्यांच्या उपदेशक वर्गातले विद्यार्थी गुरूजवळ राहून शिकत आणि लहान मुलांना शिकवतही. त्यांच्याच शिष्यांपैकी प्रा. बी. आर. देवधरांनी 1925 साली मुंबईत संगीतविद्यालय काढलं, तर विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 साली पुण्यात. 1931 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज तालुक्याच्या गावीही होतात, आणि शास्त्रीय कलांच्या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुणही मिळतात. पण प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची ही वाट एकेकट्या वादकाची आहे. चाळीस मुलांच्या वर्गासमोर उभं राहण्याची तयारी ती करून घेत नाही.

ही तयारी म्हणजे काय, ते एका पेटीवरून कळेल. शिक्षक पुरुष असेल तर प्रार्थना बहुधा स्वतःच्या गळ्याला सोयीच्या काळी एकमध्ये धरतो. पाचवीच्या मुलांचा आवाज काळी चार-पाचच्या आसपास मोकळा होतो. खालच्या पट्टीत मंद्रातले स्वर त्यांना लागत नाहीत, मग निम्मी मुलं पुटपुटतात, काही ओरडतात, आणि शेरा बसतो, ‘यांना सुराची जाण नाही.’ आता पट्टी वर नेली की शाळेतल्या बासऱ्या तिच्याशी जुळतात का, तबल्याची शाई त्या स्वराची आहे का, हेही पाहावं लागतं. ज्या मुलाला अजून धा-तिट हातात बसलेलं नाही त्याला त्याच गाण्यात काय वाजवायला द्यायचं? टाळ द्यायचा की नुसती सम दाखवायला सांगायची? तबल्याची वादी सैल झाली, गट्टा सरकला, तर दुरुस्तीला पुण्याला पाठवायची वाट न पाहता काय करायचं? उत्तम तबलजीलाही हे प्रश्न पडलेले नसतात. अध्यापकाला ते पडलेच पाहिजेत.

बँड पथकाची गत वेगळी आहे. साइड ड्रम, बास ड्रम, झांज, बिगूल ही वाद्यं अनेक शाळांत आहेत, राष्ट्रीय पातळीवर शालेय बँड स्पर्धाही होतात. पण बँड बहुधा कवायतीच्या सरांकडे असतो आणि संचलनापुरता वाजतो. पाच वर्षं बास ड्रम वाजवलेला मुलगा दुसरं एकही वाद्य हातात न घेता शाळा सोडतो. याला मी संगीतशिक्षण म्हणणार नाही.

अमेरिकेत शालेय बँडचा शिक्षक होऊ पाहणाऱ्याला आपलं मुख्य वाद्य सोडून तंतुवाद्यं, फुंकवाद्यं, तालवाद्यं अशा प्रत्येक प्रकारच्या वाद्यांची निदान ओळख करून घ्यावी लागते. वृंद चालवणं हा वेगळा विषय असतो आणि शाळेत जाऊन प्रत्यक्ष पाठ घ्यावे लागतात. त्यांची वाद्यं उचलून आणायची गरज नाही. पद्धत मात्र घ्यावी.

नसरापूर-वेल्ह्याला ही पद्धत आणखी एका कारणाने लागू आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच कलेचा अंशकालीन निदेशक मिळतो. डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेत एवढा पट येणार कुठून? म्हणजे तिथे संगीताचा खास शिक्षक कायद्यानेही येणार नाही. जे काही होईल ते वर्गशिक्षकाच्या हातून, आणि वर्गशिक्षक घडतो डी.एल.एड. या शिक्षक-पदविकेच्या दोन वर्षांत. त्या अभ्यासक्रमात कलाशिक्षण आहे, पण चित्र, नाट्य, नृत्य आणि गाणं या सगळ्यांच्या वाट्याला मिळून जेमतेम काही तास येतात. एक वाद्य मुलांना शिकवता येईल इतपत हातात बसणं त्यात होत नाही.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद पुण्यातच आहे. तिने डी.एल.एड.च्या प्रत्येक छात्राध्यापकाला पेटी किंवा बासरी यांपैकी एक आणि पखवाज, ढोलकी, हलगी यांपैकी एक वाद्य सक्तीचं करावं. परीक्षा वादनाची न घेता वीस मुलांकडून एक गाणं वाजवून घेण्याची घ्यावी. आंतरवासितेत छात्राध्यापक नसरापुरात किंवा वेल्ह्यात आला की गावच्या भजनी मंडळातला मृदंगाचार्य हा त्याचा एक मार्गदर्शक असावा, आणि त्याला रीतसर मानधन मिळावं. आळंदीला 1917 साली निघालेल्या जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेने खेड्यांतली मुलं चार वर्षांत कीर्तनाला उभी केली आहेत. मग शाळेला लागणारा शिक्षक दोन वर्षांत घडत नाही, हे मला पटत नाही. अभ्यासक्रमाची पुढची फेररचना होईल तेव्हा ही मागणी शिक्षक संघटनांनी आणि संगीत मंडळांनी मिळून लेखी मांडावी.