मोडायला सांगणारं कोणी नव्हतं

गुंतवणुकीवरची पुस्तकं, रील्स आणि व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड यांच्यात एक बाई सारखी भेटते. ग्रेस ग्रोनर. शिकागोजवळच्या लेक फॉरेस्ट गावात राहणारी, अ‍ॅबट लॅबोरेटरीज या औषध कंपनीत ४३ वर्षं सेक्रेटरी म्हणून काम केलेली. १९३५ साली तिने आपल्याच कंपनीचे तीन शेअर घेतले, ६० डॉलरला एक. एकूण खर्च १८० डॉलर. ते तिने कधीच विकले नाहीत, आणि मिळालेला लाभांश पुन्हा त्याच कंपनीत घातला. २०१० साली, वयाच्या शंभराव्या वर्षी ती वारली तेव्हा त्या तीन शेअरांचे साधारण ७० लाख डॉलर झाले होते. ते सगळे ती शिकली त्या लेक फॉरेस्ट कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवून गेली.

गोष्ट खरी आहे, आणि सुंदरही आहे. माझी तक्रार ती सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

मॉर्गन हाउजेल या लेखकाने २०१८ साली ‘द सायकॉलॉजी ऑफ मनी’ नावाचा एक मोठा लेख लिहिला. त्याची सुरुवातच ग्रेसपासून होते. दोन वर्षांनी त्याच नावाचं पुस्तक आलं. आज ते मराठीतही मिळतं, आणि माझ्या ऑफिसात ज्यांनी दुसरं एकही पुस्तक वाचलेलं नाही त्यांनीही ते वाचलेलं असतं. पण पुस्तकाच्या प्रस्तावनेत ग्रेस नाही. तिच्या जागी रोनाल्ड रीड आला आहे. व्हरमाँट राज्यातला, २५ वर्षं पेट्रोल पंपावर गाड्या दुरुस्त केलेला आणि १७ वर्षं एका दुकानात झाडू मारलेला माणूस. २०१४ साली वारला तेव्हा त्याच्याकडे ८० लाख डॉलरहून जास्त होते. दोन्हीकडे तात्पर्य तेच: पैशात हुशारीपेक्षा स्वभाव महत्त्वाचा, आणि स्वभावात धीर महत्त्वाचा.

बदल का केला ते लेखकालाच ठाऊक. पण दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून वाचले की एक फरक दिसतो. रीडची ओळख मुख्यतः त्याने काय काय केलं यातून होते: गाड्या दुरुस्त केल्या, फरशी झाडली, घर घेतलं. (पत्नी गेल्यावर त्याने पुन्हा लग्न केलं नाही हेही येतं, पण ओघात.) ग्रेसची ओळख मात्र तिच्याकडे काय नव्हतं याच्या यादीतून होते. बाराव्या वर्षी आईवडील नाहीत, मग नवरा नाही, मुलं नाहीत, कधी गाडी चालवली नाही. वाचणाऱ्याने म्हणायचं, बिचारी, आणि तरी बघा किती पैसा!

मला वाटतं, ती यादी उलटी वाचायला हवी. ज्याला लेखक उणीव म्हणून मोजतो, त्यातच तिच्या ७० लाखांचं बरंचसं कारण आहे.

हे तपासायला बाहेरचा निकष आणायची गरज नाही, पुस्तकातलाच पुरेसा आहे. त्यात नशिबावर एक प्रकरण आहे. बिल गेट्स हुशार होता, मेहनतीही होता. पण १९६८ साली ज्या मोजक्या शाळांमध्ये कॉम्प्युटर होता त्यांतल्या एका शाळेत तो शिकत होता, हे विसरू नका, असं हाउजेल बजावतो. (त्या कॉम्प्युटरचं भाडं शाळेतल्या आयांच्या मंडळाने जुन्या वस्तू विकून जमवलं होतं, हा तपशीलही त्याने दिला आहे.) मग ग्रेसच्या बाबतीत हा कॉम्प्युटर कुठला? एका ओळखीच्या कुटुंबाने तिला वाढवलं आणि कॉलेजचा खर्च केला, त्यामुळे १९३१ साली ती पदवीधर झाली. महामंदीच्या काळात तिला स्वतःची नोकरी होती. राहायला छोटंसं घर होतं, तेही मृत्युपत्राने मिळालेलं. आणि तिने घेतलेली एकुलती एक कंपनी पुढची ७५ वर्षं टिकली आणि वाढली. १९३५ साली तितक्याच धीराने दुसऱ्या कुठल्या बुडणाऱ्या कंपनीचे तीन शेअर घेतलेल्या बाईची गोष्ट कोणी लिहीत नाही. पण या सगळ्यांपेक्षा मोठं भाग्य वेगळंच होतं. ते मला माझ्या आईने दाखवलं.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे ग्रेसची गोष्ट आईला सांगताना एक्सेल उघडलं. १८० चे ७० लाख, ७५ वर्षांत: म्हणजे वर्षाला सरासरी १५ टक्के. या दराने पैसे साधारण पाच वर्षांनी दुप्पट होतात. शेअर प्रत्यक्षात असा सरळ रेषेत वाढत नाही, पण अंदाज येतो. या हिशोबाने ग्रेस ६५ वर्षांची झाली तेव्हा तिच्याकडे ४४ हजार डॉलरच्या आसपास असते. आणि ७० लाखांतले निम्मे तिच्या वयाच्या पंचाण्णवनंतर आले असते. मधे कधीही, अगदी सत्तरीतही, तिने ते विकले असते तर पुस्तकात घ्यावी अशी गोष्टच उरली नसती.

मी हे मोठ्या उत्साहाने समजावलं. आईने सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, “इतक्या वर्षांत तिला कोणी म्हणालं नाही, की ते मोडू या म्हणून?”

मोडणं. आपल्याकडे एफडीही मोडतात आणि दागिनाही मोडतात. २०१५ साली माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी आईच्या पाटल्या मोडल्या. सोन्याचा भाव तेव्हा दहा ग्रॅमला २६-२७ हजार होता. आज तो लाखाच्या वर आहे. लग्नात अंगावर घातलेलं सोनं तिने वीस वर्षं हलू दिलं नव्हतं. भाव पडला तेव्हा घाबरून विकलं नाही, चढला तेव्हा हुरळून विकलं नाही. आमच्या घरातली सगळ्यात धीराची गुंतवणूकदार तीच होती. फक्त तिला तसं कोणी म्हटलं नाही, आणि मोडायची वेळ आली तेव्हा तिला कोणी विचारलंही नाही. “करावंच लागेल” असं बाबा म्हणाले आणि तिने कपाट उघडलं. त्या पाटल्यांवर मी शिकलो, आणि त्या शिक्षणातून आलेल्या पगारावर आता तिला धीराचे धडे देतो.

म्हणून ‘बायकांना गुंतवणुकीचा आत्मविश्वास नसतो’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. महिला दिनाच्या आसपास अशा कार्यशाळांचं पेव फुटतं. त्यांत भीती कशी घालवावी ते शिकवतात. पण हिशोबाची भीती बायकांना नसते, याचा एक पुरावा सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये आहे. तिथे १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण त्यावर अंगठे होते. संस्थापक चेतना सिन्हा सांगतात, की मग त्या बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या: कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला विचारा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा. परवाना मिळाला. या बायकांना व्याज आधीपासूनच येत होतं. नव्हता तो कागदावरचा अधिकार.

कागदावर अधिकार असला तरी तो टिकतोच असं नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. आणि आजही गावोगाव बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, कारण माहेरचं दार उघडं राहायला हवं असतं. ही जमीन मोडायला सांगण्याचीच एक गोड तऱ्हा. इथे बहिणीने धीर धरायचा तो कशाच्या जोरावर?

हाउजेलचं पुस्तक वाईट आहे असं मी म्हणत नाही. ‘हवं तेव्हा, हवं ते, हवं तितके दिवस करता येणं’ हाच पैशाचा सर्वांत मोठा लाभ, अशा अर्थाचं त्यात एक प्रकरण आहे आणि मला ते पटतं. पण तिथे हे स्वातंत्र्य पैशानंतर येतं. ग्रेसच्या बाबतीत क्रम उलटा होता. आधी तिच्या पैशांवर फक्त तिची सत्ता होती, म्हणून तिला धीर धरता आला, म्हणून पैसा झाला. धीर हा स्वभाव आहे असं धरलं की चूक बाईच्या स्वभावात सापडते आणि उपाय म्हणून कार्यशाळा भरवता येते. धीर हा अधिकारातून येतो असं धरलं, तर प्रश्न नवऱ्याला, भावाला आणि मुलाला विचारावा लागतो.

मुलाला विचारला तर उत्तर असं. ब्लाऊज शिवून मिळणाऱ्या पैशांतून आई २०२१ पासून महिन्याला दोन हजारांची एसआयपी करते. खातं मीच उघडून दिलं. कुटुंबातल्या माणसाचा नंबर चालतो, म्हणून मोबाइल नंबर माझा टाकला, ईमेलही माझाच. तिचे पैसे काढायचे तर ओटीपी माझ्या फोनवर येतो. गेल्या महिन्यात फ्लॅटच्या बुकिंगला थोडे कमी पडत होते. मी जेवताना सहज म्हणालो, “आई, तुझे ते मोडू या का?”

पाटल्यांच्या वेळी बाबांनी वापरलेला तोच सूर होता. माझा मलाच ऐकू आला.

त्या शनिवारी बसून मी खात्यावरचा नंबर बदलून तिचा टाकला. ईमेल तिला वापरायचं नव्हतं, पण तिने शिकून घेतलं. मग तोच प्रश्न मी तिला पुन्हा विचारला, या वेळी खरोखर विचारला. ती म्हणाली, “बघते.”

अजून बघतेच आहे.