रमीची बाजू घेणारा उमेदवार

रायगड लोकसभा मतदारसंघात पडणाऱ्या उमेदवाराला कुणी हसू नये. २०१४ मध्ये इथे अनंत गीते २,११० मतांनी निवडून आले आणि सुनील तटकरे पडले. त्याच यादीत तटकरेंच्याच नावाचे आणखी एक उमेदवार होते, अपक्ष. त्यांना मिळाली ९,८४९ मतं. यातली किती मतं चुकून पडली हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही, पण मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो छापायचं आयोगाने त्यानंतरच्या वर्षी ठरवलं, यावरून काय ते समजा. सांगायचा मुद्दा, की पेणपासून गुहागरपर्यंत पसरलेल्या या मतदारसंघात कधीच निवडून न येणारा माणूससुद्धा निकाल फिरवू शकतो, हे लोकांनी बघितलेलं आहे.

त्यामुळे निर्बंध आणि निवडणुका या विषयावर मी काम करतो म्हटलं की हमखास एक प्रश्न येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले. रमी, पोकर, ड्रीम११ सगळं. अलिबागच्या एसटी स्टँडपासून मुरूडच्या टपरीपर्यंत हे खेळणारी मंडळी होतीच की. मग 'आमची रमी परत द्या' म्हणून उभा राहणारा एखादा अपक्ष इथे दहा हजार मतं का नाही घेणार? माझ्या पाहण्यात तरी महाराष्ट्रात असा उमेदवार आलेला नाही. तो का येत नाही याची जी उत्तरं सहसा दिली जातात ती मला पटत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

आधी बंदीच्या विरुद्ध जे बोललं गेलं ते वाचू. विधेयक लोकसभेत आलं २० ऑगस्टला, राज्यसभेत २१ला, आणि २२ला राष्ट्रपतींची सहीसुद्धा झाली. त्या गडबडीत या धंद्यातल्या तीन संघटनांनी मिळून गृहमंत्री अमित शहांना पत्र लिहिलं. त्यातले मुद्दे असे: दोन लाख रोजगार जातील, चारशेच्या वर कंपन्या बंद पडतील, सरकारला वर्षाला मिळणारा वीस हजार कोटींचा कर बुडेल, आणि खेळणारे लोक परदेशी बेकायदा साइटकडे वळतील.

हे पत्र आहे, जाहीरनामा नाही, हे मान्य. पण बंदीविरुद्धची बाजू म्हणून दुसरं फारसं काही उपलब्धच नाही. तेव्हा श्रीवर्धनच्या बाजारात टेम्पोवर लाउडस्पीकर बांधून हे वाचून दाखवलं तर काय होईल, असा विचार करून बघा. चारशे कंपन्यांपैकी रेवदंड्यात किती? दोन लाख नोकऱ्यांपैकी म्हसळ्यात किती? कर बुडेल हे तर मतदाराला सांगण्यासारखं कारणच नाही. कुणाचा कर बुडाला म्हणून आपल्याकडे कोण रडलंय! उरतो तो खेळणारा माणूस. पण पत्रात तो येतो तो दुसऱ्या दुकानात जाणारं गिऱ्हाईक म्हणून. त्याचं स्वतःचं काय गेलं, त्याला काय वाटतं, याबद्दल एक वाक्य नाही. ज्या बाजूला आपल्याच माणसाबद्दल बोलता येत नाही ती निवडणूक कशी लढवणार?

सरकारी बाजूचं गणितही फार भक्कम होतं असं नाही. दरवर्षी ४५ कोटी लोक मिळून सुमारे वीस हजार कोटी रुपये या खेळांत घालवतात, असा सरकारचा अंदाज सांगितला गेला. भागाकार करा. माणशी वर्षाला ४४४ रुपये. महिन्याला ३७. एवढ्याने कुणी आत्महत्या करत नाही, म्हणजे ही सरासरी निरुपयोगी आहे. बहुतेकांचे फुटकळ पैसे जातात आणि थोड्यांची घरं बसतात. त्या थोड्यांचा आकडा किती, हे या अंदाजातून कळत नाही. (गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचा आकडा वीस हजार कोटीच. एकीकडे लोकांनी घालवलेले, दुसरीकडे सरकारला मिळालेले. दोन वेगळे अंदाज आहेत, तरी एका ओळीत वाचले की चमत्कारिक वाटतं.)

आता नेहमीच्या उत्तराकडे. राज्यशास्त्राच्या वर्गात अशा वेळी मॅन्कर ओल्सनचं नाव निघतं. १९६५ च्या त्याच्या पुस्तकाचा गाभा असा, की मोठ्या, विखुरलेल्या गटाला संघटित होणं अवघड जातं, कारण प्रत्येक जण म्हणतो 'दुसरा करेल, मला फायदा मिळेलच.' उलट ज्यांचा मोठा स्वार्थ गुंतलेला आहे असे मूठभर लोक पटकन एकत्र येतात. इथे ते चपखल बसतं. कंपन्या मूठभर, त्या लगेच कोर्टात गेल्या. ए२३ चालवणाऱ्या कंपनीने आठवड्याभरात कर्नाटक उच्च न्यायालय गाठलं, आणि ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका स्वतःकडे घेतल्या. खेळणारे कोट्यवधी, म्हणून गप्प. झालं उत्तर.

पण मग बैलगाडा शर्यतींचं काय?

तेही निर्बंधाविरुद्धचंच राजकारण होतं, आणि गट ओल्सन म्हणतो तसाच, मोठा आणि विखुरलेला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलला, तो उच्च न्यायालयात अडकला, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं. या सगळ्या काळात शर्यतीचा मुद्दा निवडणुकीतून हलला नाही. शिरूरला २०१९ मध्ये अमोल कोल्हेंनी शर्यती सुरू करायचं आणि स्वतः बारीपुढे घोडी पळवायचं वचन दिलं, आणि २०२२च्या फेब्रुवारीत निमगावच्या घाटात ते पाळलं. घाटावरचं कशाला, आपल्याकडे अलिबागच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी बैलगाड्या आणि घोडागाड्या पळतात तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या गर्दीत आमदारकीला इच्छुक किती असतात ते मोजा. त्या गर्दीत पैजा लागत नाहीत असं माझ्या समोर कुणी म्हणू नये.

म्हणजे गट मोठा आणि विखुरलेला असणं हे पुरेसं कारण नाही. फरक दुसरीकडे आहे. शर्यतीला जागा असते, तारीख असते, जत्रा असते. बैलाला नाव असतं, मालकाला मान असतो, आणि बंदी आली की कुणावर तरी गुन्हा दाखल होतो. गुन्हा दाखल झालेला माणूस गावात वर मान करून फिरतो आणि पुढारी त्याच्या घरी जातो. रमी ॲपवाल्याकडे यातलं काहीच नाही. तो रात्री पांघरुणात खेळतो. जिंकला तर सांगतो, हरला तर बायकोलाही सांगत नाही. शेजारचाही खेळतो हे त्याला माहीत नसतं. आणि २०२५च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे टीकाकारांनी पुरेसं लक्ष दिलं नाही असं मला वाटतं: खेळणाऱ्याला शिक्षाच ठेवली नाही. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. १८८७च्या मुंबई जुगार कायद्यात अड्ड्यावर सापडलेल्या माणसालाही उचलतात. इथे तो पीडित ठरला. उचललाच नाही, तर मोर्चा कुणासाठी काढणार? राजकीय चाल म्हणून हे कलम फार हुशारीचं आहे.

ओल्सनच्या हिशोबात लाज हा रकानाच नाही. माझा मुख्य आक्षेप तिथे आहे.

लाजेचा पुरावा द्यायचा तर बंदीच्या एक महिना आधीचा द्यावा लागेल, आणि तो पुन्हा रायगडच्या खासदारांपर्यंत येतो. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ रोहित पवारांनी टाकला. कोकाटेंनी तो फेटाळला. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेली जाहिरात घालवत होतो, असं त्यांचं म्हणणं. पाठोपाठ लातूरला पक्षाचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे यांच्यासमोर छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पत्ते फेकले, त्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली, राज्यभर गदारोळ उठला. शेवटी कोकाटेंचं कृषी खातं गेलं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं. त्यावर जे विनोद झाले ते तुम्ही वाचलेच असतील.

मला त्यातला न झालेला संवाद महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी ऑनलाइन रमी महाराष्ट्रात चालू होती, तिच्या जाहिराती सिनेमा-नट करत होते. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालय १९६७ मध्येच म्हणालेलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ड्रीम११लाही कौशल्याचाच खेळ ठरवलं होतं. म्हणजे 'मी खेळत नव्हतो, पण खेळणाऱ्यानेही काही गुन्हा केलेला नाही' एवढं म्हणायला कायद्याचा पूर्ण आधार होता. कोकाटेंच्या बाजूने बोलणाऱ्यांपैकी कुणी ते वाक्य उच्चारलेलं माझ्या ऐकण्यात नाही. सभागृह चालू होतं, खातं शेतीचं होतं, त्यामुळे ते वाक्य शोभलं नसतं, हे खरंच. पण सभागृहाबाहेरही, नंतरच्या महिन्याभरातही, कुणी ते म्हणालं नाही. कोर्टात पन्नास वर्षं चाललेला युक्तिवाद व्यासपीठावर एक मिनिटसुद्धा टिकत नाही, असा याचा अर्थ मी लावतो.

ऑस्ट्रेलियातलं एक उदाहरण इथे उलट्या बाजूने उपयोगी पडतं. साउथ ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये निक झेनोफोन नावाचा वकील 'पोकर मशीन नकोत' एवढ्या एकाच मुद्द्यावर वरच्या सभागृहासाठी उभा राहिला. पहिल्या पसंतीची तीन टक्क्यांहून कमी मतं मिळाली आणि तरीही, तिथल्या पसंतीक्रमाच्या पद्धतीमुळे, तो निवडून आला. म्हणजे जुगारावर उभा राहिलेला बेभरवशाचा उमेदवार जिंकू शकतो, पण तो निर्बंध मागणारा होता. कारण हरलेल्याच्या घरचे लोक तोंड उघडू शकतात. आपल्याकडच्या 'आडव्या बाटली'च्या मतदानात बायका रांगा लावतात, त्याचं कारणही तेच. उभ्या बाटलीच्या प्रचाराची सभा मात्र कुणी भरवत नाही.

आता माझ्याच मांडणीतली एक अडचण. 'लाज' म्हटलं की रमीच्या बाजूने सांगण्यासारखं काहीच नाही असा समज होईल. तसं नाही. मटका घ्या. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर मुंबईत आकडे लागायचे. ते भाव येणं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं, तर कल्याणजी भगत आणि पाठोपाठ रतन खत्रीने चिठ्ठ्या आणि पत्ते काढून धंदा उलट वाढवला. १८८७चा कायदा तेव्हा होताच. मुंबईचा आकडा बोटीने मांडवा-रेवसला उतरायला वेळ लागला नाही. बंदीने जुगार संपत नाही, तो फक्त दिसेनासा होतो, हे या किनाऱ्याला कुणी शिकवायला नको. कंपन्यांच्या पत्रातला परदेशी साइटचा मुद्दा म्हणजे हीच गोष्ट, फक्त इंग्रजीत आणि गृहमंत्र्यांना उद्देशून.

हा मुद्दा मराठीत, मटक्याच्या आठवणीसकट, एखाद्या उमेदवाराने मांडला तर लोक ऐकतील असं मला वाटतं. पण त्यासाठी त्याला पहिलंच वाक्य 'आपल्या गावात खेळतात, माझ्याही घरात खेळतात' असं घ्यावं लागेल. अनामत २५ हजारांची, आणि ती वाचवायची तर वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. ती जाणार हे त्याने धरूनच चालावं. २५ हजार लावायला तयार असलेला माणूस या किनाऱ्यावर मिळेल. पण ते वाक्य माइकवर म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.