'फेरीबोटीने पलीकडे गेलो'

कोकणकिनाऱ्यावरील मराठी प्रवासवर्णने आम्ही आवडीने वाचतो. चामराजपेटेत बिऱ्हाड थाटून वर्षाकाठी एकदा, तेही रजा मंजूर झाल्यास, गाव पाहणाऱ्या माणसाला दुसरा आधार कोणता? म्हणूनच त्यांतील एक उणीव आम्हांस बोचते. लेखक मोटारीने रेवसहून रेडीकडे निघतो. किल्ला आला की तीन पाने, देऊळ आले की दोन, मासळीच्या ताटाला तर हात अधिकच सढळ. आणि खाडी आली की एकच वाक्य: 'फेरीबोटीने पलीकडे गेलो.'

किनाऱ्याचे सारे मर्म त्या एका वाक्यात गुदमरते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगत वाळूची लांबट बेटे आहेत. तेथील प्रवासी घरासारखी सजविलेली मोटार घेऊन त्यांच्या लांबीने जातो आणि जमीन तुटली की बोटीवर चढतो. आपला किनारा निराळा. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांच्या मुखांतून समुद्र आत शिरतो आणि किनाऱ्याचा रस्ता आडवा छेदतो. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली खाडी अशी देवबागची वाळूची पट्टी हा अपवादच. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर. तथापि 2003 साली वाहने नेणारी बोट सुरू होईपर्यंत मोटारीला चिपळूणकडून वळसा पडे. होडीने जाणाऱ्या माणसाला जे शेजार, ते चाकांना परगाव! या विसंगतीने तिथले बाजार आणि सोयरिकी कशा बेतल्या गेल्या असतील, हे प्रवासी लेखकाला विचारावेसे वाटत नाही.

कादंबरीकारांचे तसे नाही. श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (1987) मध्ये जगबुडी ही शोभेची नदी नव्हे. तिला वगळले तर खोतांची कथाच उभी राहत नाही. कन्नड साहित्य परिषद आमच्याच पेठेत असल्यामुळे शिवराम कारंतांचे 'मरळि मण्णिगे' येथे सहज आठवते. किनाऱ्यावरील एका कुटुंबाच्या तीन पिढ्या त्यात आहेत, आणि तो किनारा आधी कष्टांचा आहे, मग सौंदर्याचा.

प्रवासवर्णन म्हणजे कादंबरी नव्हे, असे कोणी म्हणेल. मान्य. आम्ही तीन पिढ्या मागत नाही. भरती-ओहोटीप्रमाणे धक्क्याच्या उताराशी बोट कशी भिडते, टोपली घेऊन चढलेली कोळीण कोणत्या बाजाराला निघाली आहे, शेवटची फेरी चुकलेला माणूस रात्र कोठे काढतो, एवढे डोळ्यांनी पाहून लिहिता येण्याजोगे आहे. त्याऐवजी आम्हांस सूर्यास्त मिळतो, आणि तोही प्रत्येक पुस्तकात तोच.

सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल योजिलेले आहेत. ते आवश्यकच आहेत. रात्री आजारी माणसाला पलीकडे न्यावे लागणाऱ्या घरास फेरीबोटीचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. मात्र पूल झाल्यावर खाडी मोटारीच्या काचेतून क्षणभर दिसेल. तत्पूर्वी एखाद्या लेखकाने दाभोळच्या धक्क्यावर मोटारीतून खाली उतरावे आणि तिकिटे फाडणाऱ्याशी चार शब्द बोलावेत, इतकेच आमचे मागणे आहे.